हा नव्हे

उणे एकतीस. डोल्गोरसुरेन बाई आल्या तेव्हा
लॅपटॉप त्यांच्या देलच्या आत होता, पोटाशी,
अवेळी जन्मलेलं कोकरू आणावं तसा.
म्हटलं, लगेच चालू करू नका,
थंडीतून आलेल्या यंत्राला आतून घाम फुटतो.
तासभर ठेवला नुसता, चुलीपासून लांब.
तोवर आम्ही मिठाचा दुधाळ चहा प्यायलो.
कंटेनरच्या पत्र्याबाहेर उलानबातरचा धूर.

त्या बायानखोंगोरच्या, जनावरांच्या डॉक्टर.
एकवीस हजार मेंढ्यांच्या लशींचा हिशेब
एका फिरत्या डिस्कवर,
आणि ती डिस्क नऊ हिवाळे जीपच्या मागच्या सीटवर.
आता ती टकटक करत होती,
आत अडकलेल्यानं दार वाजवावं तशी.

ती पुरती गप्प व्हायच्या आत
तिच्यातलं सगळं मी नव्या डिस्कवर उतरवून घेतलं.
रात्रभर. त्रेसष्ट टक्क्यांवर दीड तास अडलं,
मी श्वास सोडायचाही विसरलो.
पहाटे नवी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं.

काळा पडदा. कोपऱ्यात एक पांढरी ओळ:
सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही.

पुन्हा उघडला. नऊ स्क्रू, त्यातला एक आखूड,
तो नेमका कुठला ते मी दरवेळी विसरतो.
वायरची पट्टी काढली, फुंकली, परत खोचली.
पुन्हा तीच ओळ.
सेटिंगमध्ये शिरलो तर डिस्क दिसतेय की!
कंपनीचं नाव, पूर्ण क्षमता, सगळं जिथल्या तिथं.
तिला रांगेत पहिली उभी केली. जुनी पद्धत लावली, नवी लावली,
राखणदाराला झोपवलं.
यंत्र ढिम्म.
बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. विणेल्या मेंढीशेजारी
रात्र काढलेलं माणूस असंच बसतं.

दुपारी कधीतरी डोक्यात उजेड पडला.
डिस्कच्याही आधी जागी होणारी
एक लहानशी वही असते यंत्राच्या पोटात.
कुणाला उठवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं,
नाव नाही, एक लांबलचक आकडा.
वहीत अजून जुनीचाच आकडा होता.
नवीकडे मेंढ्या होत्या, लशी होत्या, एका लग्नाचे फोटो होते,
आणि यंत्र दरवेळी तिच्याकडे बघून म्हणत होतं,
ही नव्हे.

मी एकटाच हसलो. आमच्या भाषेत
ही आणि हा वेगळे नसतात.
हे तर माझंच नाव. एनेबिश. हा नव्हे.
न्यायला येणारं जे काही असतं
ते दारात येऊन विचारील,
तेव्हा पोराच्या नावानंच त्याला परत धाडायचं.
त्रेचाळीस वर्षं ते परत जातंय.

इथं मात्र उलट करायचं होतं.
जुना आकडा खोडला. नवा लिहिला, एकेक अक्षर बोटानं वाचत.
बटण.
आधी काहीच नाही.
मग गवताळ माळ, त्यावर एक करडा घोडा,
आणि घोड्याच्या पाठीवर पसरलेल्या फाइली.

बाईंनी आधी मेंढ्या बघितल्याच नाहीत.
म्हणाल्या, घड्याळ चुकलंय.
खरं होतं. नाण्याएवढा सेल संपला होता,
यंत्राच्या लेखी त्या नऊ हिवाळ्यांपैकी एकही उजाडला नव्हता.
सेलचे सहा हजार तुगरिक वेगळे, मी म्हटलं.
चालेल, म्हणाल्या. पावती मात्र द्या, सरकारी हिशेब आहे.

पावतीवरचं माझं नाव त्यांनी वाचलं.
"तुमच्याआधी किती?"
"दोन."
त्यांनी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी,
आणि पैसे मोजून ठेवले.

निघताना लॅपटॉप पुन्हा देलच्या आत गेला.
टेबलावरची जुनी डिस्कही त्यांनी उचलली.
ती कशाला, मी विचारलं, तिच्यातून आता काही निघायचं नाही.
"जागा आहे," म्हणाल्या,
आणि दुसऱ्या कुशीला सरकवली.